मदत हवी आहे: भिंतीतल्या पोयाच्या माश्या पेटीत कशा हलवायच्या?

नमस्कार मंडळी. पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीत पोयाच्या माश्यांचं घर आहे. डंख नसलेल्या मधमाश्या या, जेमतेम ४ मिलिमीटरच्या, काळ्या. राळ-मेणाची बोटभर नळी बाहेर आलीये, तोंडाशी चार-पाच पहारेकरी कायम. (काल वाकून बघायला गेलो तर केसांत शिरून चावल्या!)

पुढच्या महिन्यात भिंत पाडायचीय. सातेरीसारखं (पेटीत पाळतात त्या डंखवाल्या मधमाश्या) यांना सगळं बिऱ्हाड घेऊन उडून जाता येत नाही. अंडी घालणारी राणी जड, ती उडूच शकत नाही. मग भिंत फोडताना राणी सापडलीच नाही तर? मधाच्या कुप्या फुटल्या की मुंग्या आल्याच. शिवाय पेटी न्यायची दिंडोरीकडच्या मळ्यात, तिथे द्राक्षांवर सतत फवारण्या. नाशकात कुणी स्वतः हे केलंय का?