बेसबॉल अंपायरचा पगार म्हणे फुकटचा!

वाकडा_चेंडू
परवा इथेच एकाने टाकलं की अमेरिकेत बेसबॉलचा अंपायर वर्षाला साडेचार लाख डॉलरपर्यंत घेतो, "म्हणजे जवळजवळ चार कोटी, नुसते हातवारे करायचे, फुकटचा पैसा". तिथेच लिहिणार होतो पण लांबत गेलं म्हणून वेगळा धागा. अहो तो आकडा अगदी वरच्या सिनियर लोकांचा. मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत, नवीन आलेला दीड लाख डॉलरच्या आसपास सुरू होतो. आणि कायमच्या जागा किती, तर 76. कोणीतरी रिटायर झाला की जागा निघणार, तोवर सात-आठ वर्षं मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्पर्धांत, गावोगाव गाडी हाकायची. तिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत महिन्याला दोन ते चार हजार डॉलर मिळायचे, तेही सीझनपुरतेच, हिवाळ्यात दुसरं काम शोधा. बहुतेक जण वर पोचतच नाहीत. आणि काल आलेल्या खेळाडूचा किमान पगार 2025 मध्ये 7 लाख 60 हजार डॉलर! म्हणजे आयुष्य त्यात घातलेला अंपायर त्या पोरापेक्षा कमी घेतो, वर शिव्या खातो स्टेडियमभर लोकांच्या.

तिरपागडा
ती पोस्ट माझीच, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. लोक तिकीट ओहतानीसारख्या स्टार खेळाडूला बघायला काढतात, अंपायरला बघायला कोण जातं? तो अंपायर एंजल हर्नांडेझ बघा. 2018 च्या प्लेऑफमध्ये एकाच मॅचमध्ये पहिल्या बेसवरचे (बेस म्हणजे धावताना गाठायचा टप्पा) त्याचे तीन निर्णय रिव्ह्यूत उलटले. गेला कधी, तर 2024 मध्ये, तोही रिटायर होऊन. काहीही करा, नोकरी जात नाही. आम्ही ऑफिसात एका दिवसात तीन चुका केल्या तर संध्याकाळी घरी.

न्यूजर्सीकर
बाकी चालू द्या, पण ते "चार कोटी" आधी बंद करा. डॉलर दिसला की गुणाकार सुरू! खर्च पण डॉलरमध्येच होतो ना? टॅक्स, घराचं भाडं, इन्शुरन्स. आमच्याकडे प्लंबर नुसता येऊन नळाकडे बघून जायचे किती घेतो ते पण गुणून बघा एकदा.

तिरपागडा
आले रडगाणं घेऊन. इतकं अवघड आहे तर या की परत.

न्यूजर्सीकर
परत यायचा विषय कुठून आला?? सुट्टीत आलो की हॉटेलचं बिल बरोबर माझ्यापुढे सरकवता, तेव्हा गुणाकार तुम्हीच करता, भागाकार कोणी करत नाही.

माई_पुणे
न्यूजर्सीकर +1. माझ्या मुलाला पण मावशी लग्नात सगळ्यांदेखत पगार विचारते आणि तिथेच मोबाईलवर हिशोब करून आकडा जाहीर करते.

मैदानवाला
अंपायर राहिला बाजूला. मी क्लबच्या क्रिकेट मॅचना अंपायर म्हणून उभा राहायचो, एप्रिलच्या उन्हात दिवसभर. एका स्पर्धेचं मानधन पुढच्या सीझनला पाकिटात मिळालं, त्यातूनही जेवणाचे पैसे कापलेले. एलबीडब्ल्यू दिला म्हणून बॅट्समनचा बाप बाईक आडवी घालून उभा. त्यामुळे कोणत्याही अंपायरला कितीही मिळू दे, मला कमीच वाटणार.

तिरपागडा
काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुम्ही दिवसभर उभे होता. बेसबॉलमध्ये चौघांत पाळी फिरते, प्लेटमागे, म्हणजे बॅटिंग करणाऱ्याच्या मागे, चार मॅचमधून एकदा. बाकी तीन दिवस बेसपाशी हवा खायची.

वाकडा_चेंडू
हवा खायची? प्लेटमागे बसून बघा, दीडशेच्या स्पीडचा बॉल बॅटला चाटून सरळ मास्कवर येतो. खेळाडूला निम्म्या मॅच तरी घरच्या गावात, अंपायरला होम ग्राउंडच नाही, सीझनभर हॉटेल. मधे चार आठवडे सुट्टी मिळते एवढंच. आणि चुकांचंच बोलायचं तर 2022 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या फायनलमध्ये, अंपायर पॅट होबर्गने एका अख्ख्या मॅचमध्ये बॉल-स्ट्राइकचा (चेंडू ठरलेल्या चौकटीतून गेला की बाहेरून) एकही निर्णय चुकवला नाही.

तिरपागडा
आणि 2025 मध्ये बेटिंगच्या भानगडीत त्यालाच काढलं, हे सांगायचं सोयीस्कर विसरलात 😂

वाकडा_चेंडू
काढलं ना? मग आता कुठे गेलं तुमचं "काहीही करा, नोकरी जात नाही"?

तिरपागडा
बरं बाबा, मायनर लीगवाल्यांना कमी मिळतं, मान्य. सत्यनारायण घालू का त्यांच्यासाठी? पण 2026 पासून बॉल-स्ट्राइकवर टीमला चॅलेंज आहे, खेळाडूने डोक्याला हात लावून खूण केली की कॅमेरा उत्तर देतो. आता तरी पगार कमी करा.

मैदानवाला
डीआरएस आल्यावर क्रिकेट अंपायरचा पगार कमी झाला का? उलट चूक मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांना दाखवतात. त्याचे जास्त द्यायला पाहिजेत.

न्यूजर्सीकर
रुपयात की डॉलरमध्ये?