प्लगइन अपडेट करताना एफटीपीचा पासवर्ड मागतंय, ७७७ देऊनही तेच

उगावचा_बागाईतदार
नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची चार एकर द्राक्षं आहेत. फवारणीच्या नोंदी मी वर्डप्रेसवर लिहितो: कोणतं औषध, किती लिटर पाणी, रात्री पाऊस झाला का. आसपासचे बागाईतदार सकाळी ब्लोअर जोडायच्या आधी त्या बघतात.

महिन्यापूर्वी पुतण्याने सगळं जुन्या होस्टिंगवरून क्लाऊड सर्व्हरवर (उबुंटू, अपाचे) हलवलं. तेव्हापासून कुठलंही प्लगइन अपडेट करायला गेलो की एफटीपीचं (सर्व्हरवर फाइली चढवायची पद्धत) नाव आणि पासवर्ड मागणारी चौकट येते. सर्व्हरवर एफटीपी बसवलेलंच नाही. माझा रोल अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच आहे, तपासला. एकाच्या सांगण्यावरून डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) दिलं, तरी तेच. फॉर्मच्या प्लगइनला सुरक्षेचं अपडेट आलंय. गोडी छाटणी झालीय, बाग पोंग्यात आहे (कोंब फुटताहेत), त्यात हे ढगाळ. डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) दिवसांत ब्लॉग बंद पडून चालणार नाही. कृपया मदत करा.

नाशिकरोडची_सिसॲडमिन
काका, आधी ते ७७७ काढा. त्याने सर्व्हरवरच्या कुठल्याही युजरला तुमच्या फोल्डरात लिहिता येतं.

आणि त्याचा उपयोगही नाही. वर्डप्रेस डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये एक तात्पुरती फाइल बनवतं आणि तिचा मालक व वर्डप्रेसच्या स्वतःच्या फाइलींचा मालक एकच आहे का ते बघतं. वेगळा निघाला की एफटीपी मागतं. म्हणजे प्रश्न परवानगीचा कमी, मालकीचा जास्त. फोल्डरात 'एलएस -एल' करा, मालक कोण दिसतो?

गंगापूररोडकर
डब्ल्यूपी-कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलमध्ये 'एफएस_मेथड'ला 'डायरेक्ट' लिहा, चौकट जाईल.

नाशिकरोडची_सिसॲडमिन
चौकट जाईल, पण मालकी तशीच राहिली आणि ७७७ काढलं, की फोल्डर तयार करता येत नाही म्हणून अपडेट अडेल. तो उपाय मी शेवटी ठेवते.

उगावचा_बागाईतदार
ताई, सगळीकडे 'रूट रूट' दिसतंय. पुतण्याला विचारलं. बॅकअप त्याने रूटनेच लॉगिन करून उघडला होता.

नाशिकरोडची_सिसॲडमिन
मग सापडलं. फाइली रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य युजरच्या नावावर गेल्या. उबुंटूवर अपाचे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या युजरने चालतं, पीएचपीही बहुधा त्याच नावाने. 'पीएस ऑक्स'मध्ये (चालू प्रोसेसची यादी) एकदा खात्री करा. मग बॅकअप घ्या आणि ब्लॉगच्या फोल्डरवर मालक बदलणारी 'चोन' कमांड कॅपिटल आर लावून (आतल्या सगळ्यासकट) चालवा, मालक आणि ग्रुप दोन्ही 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'. त्यानंतर फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४, म्हणजे लिहिणार फक्त मालक, बाकीचे वाचणार. दोन्हींना सरसकट एकच आकडा देऊ नका: फोल्डरात शिरायला एक्झिक्यूट लागतं, फोटोला त्याची गरज नाही. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असतो, तिला ६४० द्या, म्हणजे मालक आणि ग्रुप सोडून कोणाला ती वाचता येणार नाही.

उगावचा_बागाईतदार
झालं ताई! चौकट आलीच नाही. फॉर्मचं आधी केलं, मग उरलेली सहा. वर्डप्रेसच्या साइट हेल्थ पानावर फाइलसिस्टमच्या सगळ्या ओळींपुढे 'रायटेबल' आलं. तुमचे फार उपकार. आता पुतण्याला एसएफटीपीने फोटो टाकता येईनात, त्याचं काय करू?

नाशिकरोडची_सिसॲडमिन
फोटो डॅशबोर्डच्या मीडियातूनच टाकायला सांगा, मालकी आपोआप बरोबर राहते. एसएफटीपी लागणारच असेल तर त्याचा युजर त्या ग्रुपमध्ये घाला आणि फक्त अपलोड्स व त्याच्या आतल्या फोल्डरांना ७७५ द्या, म्हणजे ग्रुपलाही लिहिता येईल. रूटने मात्र पुन्हा काही टाकू देऊ नका.