कॉस्प्लेच्या गेममध्ये आधी मेळ की आधी ओळख?

मावशी_दांडियाबाजार

भाची सुट्टीला बडोद्याला आली की माझा फोन तिचा होतो. गेल्या रविवारी तिने मलाही त्या कपडे चढवायच्या गेममध्ये ओढलं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: एक थीम येते, पाचेक मिनिटं मिळतात, तेवढ्यात कपडे, केस, बूट, दागिने गोळा करायचे, हवे ते रंग द्यायचे. मग सगळ्या बाहुल्या एकेक करून रॅम्पवर चालतात आणि खेळणाऱ्यांनीच एकमेकींना तारे द्यायचे. तिच्या शाळेतल्या मैत्रिणींची खासगी रूम होती, आम्ही धरून बाराजणी. थीम 'इतिहासातली राणी'. आम्ही दोघींनी झाशीची राणी घेतली.

नऊवारी मला कुठे सापडली नाही. म्हणून ढगळ पँट घेतली, तिच्यावर एका बाजूने उघडा स्कर्ट, दोन्हींना एकच वांगी रंग आणि एकच बारीक पॅटर्न. लांबून चक्क काष्टा वाटत होता! चोळी मोतिया, दागिने झाडून सगळे सोनेरी. तलवार मिळत होती, पण ती निळी चमचमणारी, परग्रहावरून आणल्यासारखी, म्हणून सोडून दिली. तीन रंग, बास.

भाचीने काय केलं? लाल घागरा, गुलाबी फेटा, गुडघ्यापर्यंत काळे बूट, तीच निळी तलवार, आणि पाठीवर टेडी बेअर अडकवलेली बॅग. टेडी म्हणजे दामोदर.

ती पहिली आली. मी अकरावी.

हरल्याचं दुःख नाही (थोडं आहे), पण माझं मत बदललेलं नाही. कॉस्प्ले, म्हणजे एखाद्या पात्राचा वेश करणं, ही ओळखीच्या वस्तूंची मोळी बांधणं नव्हे. डोक्यापासून पायापर्यंत एकाच माणसाने घातलेत असे कपडे दिसले पाहिजेत. तुम्हाला काय वाटतं?

रावपुऱ्याचा_गेमर

ताई, राग मानू नका, पण तुमची बाहुली राणी दिसलीच नसेल. मंगळागौरीला निघालेली छानशी बाई दिसली असेल.

रॅम्पवर एकेकीला काही सेकंद मिळतात. मत देणारी पोरगी फोनच्या पडद्यावर बोटभर बाहुली बघतेय. तुमचा काठ कोणता, पँट आणि स्कर्टचा वांगी एकच आहे का, हे तिला दिसतसुद्धा नाही. तिला दिसतं पाठीवरचं पोर. झालं, झाशीची राणी!

आमच्या गल्लीच्या गणपतीत वेशभूषा स्पर्धा असायची. एका वर्षी पाच झाशीच्या राण्या. चौघींच्या आयांनी खरे दागिने, खरी पैठणी, सगळं जुळवून आणलेलं. पाचवी ऐन वेळी उभी राहिली. आईची साडी कशीबशी गुंडाळलेली, पायात शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट, पाठीला उशी बांधलेली. टाळ्या कोणाला पडल्या असतील? चौघी नुसत्या नटलेल्या मुली होत्या, राणी ती एकटीच.

आणि कॉस्प्ले शब्दातच 'प्ले' आहे. नोबुयुकी ताकाहाशी नावाच्या जपानी पत्रकाराने 1980च्या दशकात 'कॉस्ट्यूम' आणि 'प्ले' जोडून तो जपानीत रुळवला. नुसता मेळ हवा असेल तर त्याला फॅशन म्हणतात, आणि त्याची थीम वेगळी असते.

कारेलीबागकर

दोघंही इतिहासात नापास. 1858च्या जूनमध्ये ग्वाल्हेरला राणी पडली तेव्हा ती घोडेस्वाराच्या वेशात होती, असं इंग्रजांच्याच नोंदी सांगतात. ना नऊवारी, ना पाठीवर मूल. आता ही खरी वेशभूषा करून रॅम्पवर उतरा, बघू किती तारे पडतात.

रावपुऱ्याचा_गेमर

@कारेलीबागकर काका, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. खरा वेश केला तर कोणी ओळखणार नाही. लोक पुतळ्यातली राणी ओळखतात आणि पुतळ्यात पाठीवर मूल असतं.

चणिया_शिवणारी

मला ते 'तीन रंग, बास' खटकलं. हा नियम सगळीकडे वाचते आणि दर नवरात्रात माझ्याच दुकानात तो मोडलेला बघते.

चणिया-चोळीत सात-सात रंग असतात. लाल, पोपटी, राणी, हळदी, सगळे एकाच घेरात, तरी ती विसकटलेली दिसत नाही. का? काळा पाया असतो, आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. घेराच्या कळ्यांमध्ये जी लाल पायपिंग, तीच चोळीच्या बाहीला, तीच ओढणीच्या काठाला. डोळा त्या लाल रेघेला धरून वरून खाली येतो. मधे कितीही रंग असोत, त्याची वाट चुकत नाही.

उलटं उदाहरण. मागच्या वर्षी एक मुलगी आमच्याकडून काळी चणिया घेऊन गेली आणि ओढणी तिने दुसरीकडून आणली. रंग शंभर टक्के जुळलेला, दिव्याखाली धरून पाहिला मी. तरी अंगावर घातल्यावर उसनी वाटायची. दोघी आरशासमोर उभ्या, कळेना काय बिघडलंय. मग दिसलं. चणियावरचे आभले, म्हणजे कापडावर टाकलेले छोटे आरसे, नखाएवढे गोल होते आणि ओढणीवरचे मोठे चौकोनी. काठाला आमच्याकडच्या बारीक आभल्यांची एक पट्टी लावून दिली. वीस मिनिटांचं काम, पण ओढणी त्या चणियाची झाली.

तर ताई, तुमचं चुकलं ते रंगांत नाही, तलवार टाकण्यात. निळी होती तर निळा अजून दोन ठिकाणी आणायचा होता, कानात आणि बुटावर वगैरे. मग ती परग्रहावरची वाटली नसती. आणि भाचीचं जमलं त्याचं कारण टेडी एकटा नसेल. फेटा गुलाबी आणि घागरा लाल, हे दोन रंग शेजारी बसतातच. पोरींना ते न शिकवता कळतं.

फाइनआर्ट्स_अर्धवट

बडोद्यात बसून हा वाद चाललाय आणि कोणी राजा रविवर्म्याचं नाव काढत नाही, कमाल आहे.

सयाजीरावांनी त्याच्याकडून 14 पौराणिक चित्रं करून घेतली. आज ती लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या फत्तेसिंह म्युझियममध्ये बघता येतात. त्याच्यापुढे प्रश्न हाच होता: पुराणातल्या बायका नेमकं काय नेसत होत्या, हे कुणाला ठाऊक? त्याने साडी निवडली, पुष्कळदा आपल्याकडे नेसतात तशी, आणि ती इतकी सलग रंगवली की आज आपल्याला सरस्वती साडीशिवाय सुचत नाही. म्हणजे आधी मेळ बसला आणि त्यातूनच ओळख तयार झाली. मी ताईंच्या बाजूचा.

रावपुऱ्याचा_गेमर

त्या सरस्वतीच्या हातातली वीणा काढून घ्या आणि मग सांगा, ती सरस्वती की दमयंती की सावकाराची सून?

फाइनआर्ट्स_अर्धवट

वीणा काढू नका, पण वीणा प्लॅस्टिकची निळी असती तर ते चित्र घराघरांत कॅलेंडरवर लागलं असतं का?

जुना_नेपथ्यवाला

मी गेम खेळत नाही. नातू खेळतो, मी मागून बघतो. पण हौशी रंगभूमीवर तीस वर्षं रंगभूषा-वेशभूषा केली आहे, त्यामुळे बोलायचा हक्क घेतो.

पाठीवरच्या मुलावर एवढी हाणामारी चालली आहे. मला सांगा, नटी प्रेक्षकांकडे तोंड करून उभी असताना पाठीवरचं मूल दिसतं का? नाही दिसत. समोरून दिसतो तो खांद्यावरून तिरका येऊन कमरेपाशी आवळलेला शेला. आम्ही मूल बांधायचो चिंध्यांचं, जुन्या अभ्र्यात कोंबलेलं, त्याला कोणी विचारत नसे. शेल्यावर मात्र तासभर जायचा. त्याची गाठ छातीच्या मधोमध आली तर तो सत्काराचा शेला दिसतो. डाव्या कमरेवर आली की लढाई दिसते. ही गाठ मी एका नटीला सलग तीन प्रयोग उजवीकडे बांधत होतो आणि काहीतरी चुकतंय एवढंच कळत होतं. तलवारीची म्यान डावीकडे असते, गाठही तिकडेच गेली की सगळं वजन एका बाजूला येतं आणि उजवा हात मोकळा दिसतो. चौथ्या प्रयोगाला डावीकडे बांधली. ती येऊन उभी राहिली आणि विंगेतला चहावाला पोरगा म्हणाला, 'आता घोडा पाहिजे.'

मावशी, तुमच्या वांगी नऊवारीतलाच रंग घेऊन एक तिरका पट्टा टाकला असता तर मेळही राहिला असता आणि ओळखही आली असती. गेमात पट्टा मिळतो का, ते नातवाला विचारून सांगतो.

मावशी_दांडियाबाजार

काका, पट्टा मिळतो. खांद्यावरून तिरकी जाणारी सॅश आहे. मी ती सौंदर्यस्पर्धेवाल्यांची समजून सोडून दिली होती.

@चणिया_शिवणारी, तुमचं आभल्यांचं पटलं. माझ्या बाहुलीत बूट एकटे पडले होते. ते वांगीच, पण चामड्यासारखे चकचकीत, बाकी सगळं सुती वाटणारं. रंग जुळवताना पोताकडे बघितलंच नाही. पण निळा दोन ठिकाणी वाढवायचा म्हणजे एक चूक झाकायला अजून दोन करायच्या, तेवढं मी करणार नाही.

@रावपुऱ्याचा_गेमर, मंगळागौर आवडली. तरी ऐक. त्या स्पर्धेतल्या तुझ्या पाचव्या राणीला टाळ्या मिळाल्या कारण बाकीच्या चौघी पाठीवर काही न घेता आल्या होत्या. पाचही जणी उश्या बांधून आल्या असत्या तर? मग साडी कोणाची नीट, हेच बघितलं असतं ना? आमच्या रूममध्ये बारापैकी चार झाशीच्या राण्या होत्या आणि टेडी एकीकडेच होता. तुझी ओळख पहिल्याच माणसाला उपयोगी पडते.

रावपुऱ्याचा_गेमर

हे कबूल, पण अर्धंच. रोब्लॉक्स या ऑनलाइन गेम प्लॅटफॉर्मवरच्या ड्रेस टू इम्प्रेस या असल्याच गेममध्ये बघा, तिथेही एक ते पाच तारे आणि मत देणारे खेळाडूच. एकाच थीमवर एकाच पात्राच्या तीन-चार बाहुल्या येतात तेव्हा मी दोन मिनिटं ओळखीच्या वस्तूला देतो आणि उरलेला वेळ केसांना. कपड्यांना सगळ्यात शेवटी. केसांचे दोन-तीन लेयर एकावर एक चढवून पात्राची बाह्यरेषा पकडली की कपडे पांढरे राहिले तरी चालतं. तुम्ही सगळे चोळी-घागऱ्यावर भांडताय. तुमच्या राणीचे केस कसे होते, हे ताईंनी अजून सांगितलेलं नाही.

मावशी_दांडियाबाजार

मोकळे.

जुना_नेपथ्यवाला

अरे देवा.

कारेलीबागकर

घोड्यावर मोकळे केस. सेवउसळ खाताना मोकळे ठेवले तरी त्रास होतो.

मावशी_दांडियाबाजार

बरं बरं. काल रात्री तीच रूम, तीच थीम, परत खेळलो. अंबाडा, वांगी सॅश, गाठ डाव्या कमरेला, बूट काढून साधी मोजडीसारखी चप्पल. भाची म्हणाली, 'मावशी, टेडी घे की.' घेतला नाही. सातवी आले.

रावपुऱ्याचा_गेमर

टेडी घेतला असता तर तिसऱ्या.

चणिया_शिवणारी

टेडीला वांगी रंग देता येत नाही का?

मावशी_दांडियाबाजार

नाही येत. तेच आधी बघितलं होतं.