पावसाळ्यात रानफुलांच्या चित्रांची फ्रेम

प्रश्न: मसाई पठारावरच्या सोनकी-तेरड्याची जलरंगातली चित्रं हॉलमध्ये लावायची आहेत. कोल्हापूरच्या पावसात कागदाला बुरशी धरते. फ्रेम कशी करून घ्यावी?

उत्तर: काच चित्राला अजिबात टेकू देऊ नका. ओल तिथेच साचते आणि कागद काचेला चिकटतो. मधे 2-3 मिमी जाडीचा आम्लमुक्त माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवाच. मागे हार्डबोर्ड थेट लावला तर कागद पिवळा पडतो, मधे आम्लमुक्त बोर्ड घाला. चित्र पूर्ण चिकटवू नका; वरच्या कडेला दोन कागदी पट्ट्या, गव्हाच्या खळीने.

उत्तर: पश्चिमेची बाहेरची भिंत टाळाच, पाऊस तिकडूनच झोडपतो. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून रबरी बटणं लावा, हवा खेळते.

उत्तर: तेरड्याचा गुलाबी उन्हाने आधी उडतो. पुढच्या चित्रांत अलिझरिन क्रिमसन या लवकर उडणाऱ्या लाल रंगाऐवजी क्विनॅक्रिडोन रोझ हा टिकाऊ गुलाबी वापरा. ट्यूबवर पीव्ही 19 (PV19, रंगद्रव्याचा क्रमांक) लिहिलंय ना, तेवढं बघा.