जनुकीय संकेत: गोठलेला अपघात की घासूनपुसून बसवलेला तक्ता?

अनुस्वार:
जनुकाचा संदेश ए, सी, जी, यू या चार अक्षरांत येतो आणि तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. असं प्रत्येक त्रिकूट म्हणजे कोडॉन. एकूण कोडॉन ६४. त्यातले ३ थांब्याचे, उरलेले ६१ वीस अमिनो आम्लांत, म्हणजे प्रथिनांच्या विटांत, वाटलेले. ही वाटणी अशीच का झाली, यावर फ्रान्सिस क्रिकचं १९६८ मधलं उत्तर प्रसिद्ध आहे: सुरुवातीला ती कशीही झाली असेल, पण सगळी प्रथिनं तिच्यावर बेतली गेल्यावर एक कोडॉन बदलणं म्हणजे शेकडो प्रथिनांत एकदम चुका. म्हणून ती गोठली.

'गोठली' हे मला बऱ्यापैकी मान्य आहे, 'अपघात' नाही. तक्त्यात मधलं अक्षर बघा. तिथे यू असेल तर फिनिलअ‍ॅलनिन, ल्युसिन, आयसोल्युसिन, मेथिओनिन, व्हॅलिन. पाचही पाण्यापासून दूर पळणारी. तिथे ए असेल तर अस्पार्टिक, ग्लुटामिक, लायसिन, हिस्टिडिन वगैरे, बहुतेक पाण्याशी जमवून घेणारी. त्यामुळे पहिलं अक्षर चुकलं तरी येणारं आम्ल साधारण त्याच स्वभावाचं असतं आणि प्रथिनाची घडी सहसा मोडत नाही. फ्रीलंड आणि हर्स्ट यांनी १९९८ मध्ये दहा लाख पर्यायी तक्ते संगणकावर तपासले, तेव्हा चुकांचा फटका कमी ठेवण्यात खऱ्या तक्त्यापेक्षा सरस फक्त एक निघाला. याला योगायोग म्हणायचं?

तिरकस मात्रा:
'दहा लाखांत एक' ऐकायला भारी वाटतं, पण ते तक्ते बनवले कसे ते बघा. थांबे जागच्या जागी, कोडॉनचे गठ्ठेही तसेच, फक्त वीस आम्लांची गठ्ठ्यांत अदलाबदल. असे तक्ते होतात २० क्रमगुणित, म्हणजे सुमारे २४ वर १७ शून्यं. दहा लाखांत एक या हिशेबाने सरस तक्ते अंदाजे २.४ लाख कोटी! निवड इतकी कडक होती तर त्यातला एकही का सापडला नाही? नोवोझिलोव, वुल्फ आणि कूनिन यांनी २००७ मध्ये दाखवलं, की चुका झाकण्याची क्षमता म्हणजे उंची धरली, तर खरा तक्ता जवळच्या शिखराच्या साधारण अर्ध्या चढणीवर आहे.

शिवाय सेरिन बघा. यूसी ने सुरू होणारे चार कोडॉन आणि एजीयू, एजीसी हे दोन. एका गटातून दुसऱ्यात जायला दोन बदल लागतात आणि मधे थ्रिओनिन किंवा सिस्टीनवर पाय पडतो. चुका झाकायला बनवलेल्या तक्त्यात एवढं भगदाड?

अनुस्वार:
सरस तक्ते पुष्कळ आहेत, हा मुद्दा मान्य. पण शिखरावर पोचला नाही म्हणजे चढलाच नाही, असं होत नाही. प्रथिनं वाढत गेली तशी प्रत्येक पुढची अदलाबदल महाग होत गेली, म्हणून चढण अर्ध्यात थांबली. गोठणं आणि निवड दोन्ही एकत्र नांदू शकतात.

जोडाक्षर:
तुम्ही दोघंही तक्ता पहिल्यापासून वीस आम्लांचा होता असं धरून भांडताय. वाँगने १९७५ मध्ये मांडलं, की आधी थोडी आम्लं होती. त्यांच्यापासून नवी बनली तेव्हा 'आई'च्या कोडॉनमधला वाटा 'मुली'ला मिळाला. याची खूण आजही दिसते. कित्येक जीवाणूंत ग्लुटामिन थेट ट्रान्सफर आरएनएवर, म्हणजे कोडॉनपाशी आम्ल आणून देणाऱ्या रेणूवर, चढतच नाही. ग्लुटामिनच्या ट्रान्सफर आरएनएवर आधी ग्लुटामिक आम्ल चढतं, मग दुसरं विकर (एन्झाइम) तिथल्या तिथे त्याचं ग्लुटामिन करतं. शेजारी सारखी आम्लं आली ती अशा वारसाहक्काने, गाळून निवडल्यामुळे नव्हे.

तिरकस मात्रा:
ग्लुटामिनचं उदाहरण पक्कं आहे. पण बाकीच्या आई-मुलगी जोड्यांचं काय? २००० मध्ये त्या जोड्या जीवरसायनाप्रमाणे दुरुस्त करून गणित पुन्हा मांडलं, तेव्हा संख्याशास्त्रीय आधार जवळजवळ गळून पडला. एका चांगल्या उदाहरणावर अख्खा सिद्धान्त उभा राहत नाही.

आणि अनुस्वार, 'गोठली'सुद्धा सैलच घ्या. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, यूजीए हा थांबा नसून ट्रिप्टोफॅन आहे, हे १९७९ मध्येच कळलं. कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीमध्ये सीयूजी म्हणजे ल्युसिनऐवजी सेरिन, आणि तेही पूर्ण नाही. सुमारे ३ टक्के वेळा ल्युसिनच बसतं. म्हणजे संदिग्ध कोडॉन घेऊनही पेशी जगते.

अनुस्वार:
माणसाच्या मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएत मोजून तेरा प्रथिनांची जनुकं. तिथे बदल स्वस्त पडतो, हे क्रिकच्याच बाजूचं झालं. मोठ्या जीनोमची किंमत बघायची तर २०१९ मध्ये जीनोम नव्याने लिहिलेला ई. कोलाय जीवाणू घ्या. सेरिनचे दोन कोडॉन आणि एक थांबा काढायला १८,२१४ ठिकाणी बदल करावे लागले. जिथे दोन जनुकं एकमेकांवर चढलेली, तिथे एकाचा कोडॉन बदलला की दुसऱ्याचा अर्थ बिघडतो, म्हणून जोड वेगळा करावा लागतो. एवढं करून तो मूळ वाणापेक्षा हळू वाढतो.

जोडाक्षर:
पण त्यासाठी सेरिनच का निवडलं, तेही सांगा ना. सेरिन चढवणारं विकर अँटिकोडॉन, म्हणजे ट्रान्सफर आरएनएवरची कोडॉनला जुळणारी तीन अक्षरं, वाचतच नाही. अ‍ॅलनिनचंही तसंच: त्याची ओळख ट्रान्सफर आरएनएच्या देठातल्या तिसऱ्या आणि सत्तराव्या जागेवरच्या जी-यू जोडीवर. १९८८ मध्ये तेवढी एक जोडी सिस्टीनच्या ट्रान्सफर आरएनएत घातली, तर त्यावर अ‍ॅलनिन चढलं. कोडॉन आणि आम्ल यांच्यात मुळात रासायनिक ओढ होती म्हणणाऱ्यांना निदान या दोन आम्लांपुरता आजच्या यंत्रणेतून काही पुरावा मिळत नाही.