घाट उतरताना न्यूट्रल की गिअर? डोंगल एक सांगतोय, टाकी दुसरंच

पठारावरचा मास्तर, सातारा

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल, १.२ लिटर, २०१५ ची. माझी शाळा यवतेश्वरच्या पुढे पठारावर आहे, म्हणजे रोज सकाळी घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. दिवाळीत स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे जिथून मिळतात तिथे) ब्लूटूथ डोंगल लावला, ते आकडे दाखवणारं ॲप टाकून जुना मोबाईल डॅशबोर्डवर बसवला. चढताना दुसऱ्या गिअरला ॲव्हरेज ६-७ दिसतं, ते पटतं. अडलंय दोन ठिकाणी.

गेल्या वेळी टाकी फुल्ल ते फुल्ल हिशेब केला: ४१० किलोमीटर, २६.४ लिटर, म्हणजे साडेपंधरा. ॲप त्याच टाकीला १३.८ दाखवतंय.

दुसरं जास्त महत्त्वाचं. आमच्या अण्णांनी तीस वर्षं जीप चालवली. ते म्हणतात, उताराला न्यूट्रल टाक, पेट्रोल वाचतं. मी गिअरमध्येच उतरतो. पण ॲपवर तिसऱ्या गिअरला २४०० आरपीएमवर ताशी १.८ लिटर दिसतं आणि न्यूट्रलला ०.८! अण्णा शेजारी बसून आकडा दाखवतात. मला तर ब्रेकची काळजी वाटते. खरं काय?

सांगलीचा वायरमन

मास्तर, गिअरमध्येच उतरा. आकडा चुकतोय, तुम्ही नाही.

बऱ्याच लहान गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर नसतो, मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या नळीतला दाब मोजणारा असतो. ॲप काय करतं, तर दाब, आरपीएम आणि तापमान यांवरून हवा किती गेली याचा अंदाज बांधतं, तिला १४.७ ने भागतं (वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण तेवढे भाग हवा लागते) आणि म्हणतं एवढं पेट्रोल जळलं. पेट्रोल खरंच मोजलेलं नसतंच. तुम्ही गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं, हवा ओढतं, पेट्रोल शून्य. ॲपला ते कळत नाही, ते हवा बघून १.८ लिहितं. न्यूट्रलला मात्र इंजिन आयडलिंगवर खरंच पेट्रोल पितं.

पडताळून बघा. त्याच डोंगलवर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं (इंजिनातून निघणाऱ्या धुरातला ऑक्सिजन बघतो तो) व्होल्टेज लावा. एरवी ते ०.१ ते ०.९ मध्ये नाचतं. गिअरमध्ये पाय काढल्यावर शून्याजवळ जाऊन बसलं, तर पेट्रोल बंद.

कराड रोड

अण्णाही खोटं बोलत नाहीत हो. कार्ब्युरेटरच्या इंजिनात हवा ओढली की पेट्रोलही ओढलं जायचं, तिथे न्यूट्रल टाकून थोडं वाचायचं. पण उतारावर इंजिनाचा धाक सुटला की सगळा भार ब्रेकवर. गरम झालेला ब्रेक वळणावर हात दाखवतो. आणि चावी तर अजिबात बंद करायची नाही, ब्रेकला जोर देणारा सर्वो आणि स्टिअरिंग दोन्ही जातील.

ॲव्हरेजचं म्हणाल तर एक पंप, एकच नोझल, पहिला कट (नोझल पहिल्यांदा आपोआप थांबेल तिथेच भरणं थांबवायचं), असे तीन टाक्यांचे आकडे लिहा. मग ॲपमधलं व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सीचं (इंजिन किती भरून हवा ओढतं त्याचं) सेटिंग जुळवा. पण आधी त्यात ओव्हररन फ्युएल कट, म्हणजे गिअरमध्ये पाय काढल्यावर पेट्रोल शून्य धरायचं, असं काही आहे का बघा, तुमच्या घाटाच्या गाडीला फरक तिथेच पडणार.

पठारावरचा मास्तर

काल संध्याकाळी केलं. गाडी मी चालवली, मोबाईल अण्णांच्या हातात. यवतेश्वरच्या देवळापासून खाली वळलो तसा तिसऱ्यातच पाय काढला. अण्णा वाचत होते: ०.७, ०.२, ०.८, ०.०४… आणि तिथेच थांबलं. खालच्या वळणाला वेग कमी झाला, आरपीएम १२०० च्या आसपास उतरला, आकडा परत नाचायला लागला, म्हणजे पेट्रोल परत सुरू. पुढे सरळ, मोकळ्या जागी थोडा वेळ न्यूट्रल टाकला, तेव्हाही आकडा नाचलाच. अण्णांनी चष्मा वर करून परत एकदा बघितलं, म्हणाले, "जीपला हे नव्हतं." मग साताऱ्यात येईपर्यंत ब्रेकचा वास येतोय का एवढंच विचारत होते. आला नाही.

ओव्हररनचं सेटिंग सापडलं, चालू केलं. बाकी काही हलवलं नाही, या टाकीला एवढा एकच बदल. पुढची टाकी पोवई नाक्याजवळच्या त्याच पंपावर भरतो आणि दोन्ही आकडे इथे टाकतो.