कंपनीनं दिलेला शब्द पाळला नाही तर पोरांनी मन लावून काम का करायचं?

शिरोली_सेकंड_शिफ्ट
शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करतात तिथं, क्वालिटीला आहे, बघितलेलंच सांगतोय. डिप्लोमावाली पोरं घेताना सांगतात सहा महिने शॉपफ्लोअर करा मग मेथडला, म्हणजे ओतकाम कसं करायचं ते ठरवणाऱ्या विभागात घेतो, सिम्युलेशन, म्हणजे धातू साच्यात कसा भरेल ते कॉम्प्युटरवर बघायला शिकवतो. दीड वर्ष झालं तरी पोरगं फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करतात तिथं, उभं राहून रिजेक्शनच मोजतंय, आणि विचारलं की "दिवाळीनंतर बघू". हीच पोरं आधी ब्लोहोल, म्हणजे मालातली हवेची भोकं, कुठल्या हीटला, म्हणजे भट्टीच्या कुठल्या वितळणीला आले ते शोधायला शिफ्ट सुटल्यावर पण थांबायची, आता भोंगा झाला की गाडीला किक. पगार कमी म्हणून नाही ओ, आपल्याला गंडवलं असं मनात बसलं की माणूस हात आखडता घेतो.

गोकुळशिरगाव_मशीनशॉप
मालकाची पण बाजू ऐका की. आमचं सगळं काम ट्रॅक्टर आणि ट्रकच्या शेड्यूलवर, म्हणजे वरच्या कंपनीला कधी किती माल पाहिजे त्यावर, वरच्या कंपनीनं शेड्यूल तोडलं की मार्चमध्ये बोललेलं इन्क्रिमेंट जूनमध्ये कुठनं देऊ? आणि पोराला मायक्रोमीटर धरायला आम्ही शिकवायचं, व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, हात बसला की ते चाकणला पळणार. शब्द काय एकट्या मालकानंच पाळायचा?

शिरोली_सेकंड_शिफ्ट
शेड्यूल तुटलं हे पोराला सांगता काय पण? सांगितलं तर कळतंय त्याला, ते काय दूधखुळं नाही. गप बसता तिथं बिघडतंय. डेनिस रुसो म्हणून अमेरिकेतल्या बाई आहेत, त्यांनी १९८९ मध्येच मांडलंय की कागदावर नसलेला पण एक करार माणूस मनात धरून असतो आणि तो मोडला की नुसता हिरमोड होत नाही, विश्वासच जातो.

गोकुळशिरगाव_मशीनशॉप
मग मी तेच म्हणतोय भावा, त्यानं मनात काय धरलंय ते मला कसं कळणार?

राजारामपुरीची_ताई
विचारलं की कळतं दादा. माझं सांगते, मी ऑफिसात आहे. बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा २०१७ पासून कायद्यात आहे, ती मिळाली, तक्रार नाही. पण परत आले तर माझे क्लायंट दुसऱ्याकडं आणि मला फायलिंग, ते पण "तुझ्यावर लोड नको म्हणून". मला कुणी विचारलं? त्यानंतर मी मीटिंगमध्ये बोलणंच सोडलं, आणि अप्रेझलला शेरा काय तर पुढाकार घेत नाही.

कागल_फाईव्हस्टार
ताई तुमच्यावर अन्याय झाला हे खरंच, पण गप बसून नुकसान कुणाचं झालं? मी पण दोन वर्षं असाच रुसून काढली, ग्रॅच्युइटीला ५ वर्षं भरायची म्हणून नुसता बसून राहिलो, तोवर बरोबरची पोरं नवीन मशीनं शिकून पुढं गेली. कंपनीवर राग काढायला स्वतःचं शिकणं कशाला थांबवायचं?

राजारामपुरीची_ताई
काम हातातनं काढून घेतल्यावर शिकायचं कशावर, ते पण सांगा.

गोकुळशिरगाव_मशीनशॉप
ठीक आहे, मी लिहून देतो कधी काय शिकवणार ते. पण पोरानं पण दोन वर्षं थांबतो असं लिहून द्यावं.

शिरोली_सेकंड_शिफ्ट
शिकवणार ते लिहून द्या आणि तसं शिकवा, मग बॉण्डचं बोलू. बॉण्ड घेऊन, वर ओरिजिनल मार्कशीटा ठेवून घेऊन पोराला फेटलिंगलाच उभं केलेलं मी बघितलंय.